घरात कोण हसत नाही?

दूरचित्रवाणीविषयी डॉक्टर मंडळी लिहू लागली, की पुढचे सारे वाचकांना पाठ असते : डोळे बिघडतात, पोट सुटते, मुले अभ्यास करीत नाहीत. ते खरेच आहे आणि या सदरात पुन्हा केव्हातरी येईलच. आज मात्र एका कार्यक्रमाची शिफारस करावयाची आहे, आणि तीही तो पुन्हा पाहण्याची.

हा कार्यक्रम म्हणजे 'चला हवा येऊ द्या'. झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१४ मध्ये तो सुरू झाला आणि जवळजवळ दहा वर्षे चालून मार्च २०२४ मध्ये थांबला. पुढे २०२५ मध्ये तो नव्या रूपात परत आला. पण मी म्हणतो ते जुने भाग. ते मोबाइलवर आजही सापडतात. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे आणि आपल्या अमरावतीकडचे भारत गणेशपुरे ही त्यातली मुख्य मंडळी. साबळे हे शिक्षणाने डॉक्टर. औषधाच्या चिठ्ठ्या सोडून त्यांनी विनोद लिहायला घेतला, याचे आम्हा व्यवसायबंधूंना कौतुक वाटते आणि थोडा हेवाही.

कार्यक्रमाचे लेखन आधी झालेले असे, हे खरे. परंतु त्याची खरी गंमत लिहिलेल्या कागदाबाहेर होती. 'थुकरटवाडी' नावाच्या काल्पनिक गावात पाहुणे येऊन बसत आणि समोरची नट मंडळी त्या पाहुण्यांवर, एकमेकांवर, कधी फसलेल्या वाक्यावर ऐनवेळी काहीतरी जोडत. नाटकवाले याला 'ॲडिशन घेणे' म्हणतात. भाऊ कदम काही न बोलता नुसते पाहत उभे राहत, समोरच्याला हसू आवरत नसे, तो पाठ फिरवून हसत असे आणि ते हसू आपल्या घरापर्यंत येई. गणेशपुरे यांची वऱ्हाडी तर आपल्याकडे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपला शब्द दूरचित्रवाणीवर, तोही चेष्टेच्या नव्हे तर रुबाबाच्या सुरात ऐकू येतो, याचा आनंद आर्णी-घाटंजीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी अनेकदा पाहिला आहे.

ही हजरजबाबी काही वाहिन्यांनी शोधून काढलेली नाही. तमाशातील बतावणी याच जातीची. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या घडामोडींवर पदरची वाक्ये घालत, म्हणून लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहत. आपल्याकडे दंडारीतला सोंगाड्या हेच करतो. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणणारा गडी समोरच्या बैलजोडीवाल्याला जागच्या जागी उत्तर देतो, तेव्हा त्याच्या हातात कोणता कागद असतो? यवतमाळचे शंकर बडे यांच्या 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्री प्रयोगाला जे गेले असतील त्यांना हा वऱ्हाडी विनोद काय चीज होता हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता वैद्यकाकडे वळू.

हसण्याने शरीरात काय होते?

मनापासून हसताना श्वासपटल व फासळ्यांमधील स्नायू झटके दिल्यासारखे आकुंचन पावतात, फुप्फुसांतील हवा जोराने बाहेर पडते, नाडी वाढते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात केलेल्या मोजणीत हसताना नाडीचा वेग १० ते २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. दिवसाकाठी १० ते १५ मिनिटांच्या हसण्याने १० ते ४० उष्मांक खर्च होतात. म्हणजे एका पोळीचा निम्मासुद्धा हिशेब होत नाही. तेव्हा हसून वजन उतरते असे कोणी सांगितले, तर त्या विधानावर हसावे.

अधिक महत्त्वाचा परिणाम वेदनेवर होतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी फिती दाखवून, आधी व नंतर ते किती दुखणे सहन करू शकतात हे मोजले. खळखळून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली. माहितीपट पाहणाऱ्यांची वाढली नाही. मेंदूत स्रवणाऱ्या एंडॉर्फिन या अफूसदृश द्रव्यांचे हे काम असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रक्तवाहिन्यांविषयी मेरीलँड विद्यापीठाच्या डॉ. मायकल मिलर यांचे २००५ मधील निरीक्षणही बोलके आहे. वीस निरोगी व्यक्तींना त्यांनी एकदा तणावाचा व एकदा विनोदी चित्रपट दाखवला. तणावाच्या चित्रपटानंतर हाताच्या धमनीतील रक्तप्रवाह सरासरी ३५ टक्क्यांनी घटला, विनोदी चित्रपटानंतर २२ टक्क्यांनी वाढला. वीस माणसे म्हणजे फार थोडी. त्यावरून रक्तदाबाच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत.

नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाची हकीकत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ मध्ये त्यांना सांध्यांचा व पाठीचा अत्यंत दुखरा आजार झाला. त्यांनी 'कँडिड कॅमेरा' या कार्यक्रमाच्या फिती मागवून खोलीत लावल्या. यातही लिहिलेले संवाद नसत. साध्या माणसांची ऐनवेळी उडालेली तारांबळ छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली असे. दहा मिनिटे पोट धरून हसले की दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांनी पुढे एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात १९७६ मध्ये लिहिले. कझिन्स त्याच वेळी 'क' जीवनसत्त्वही भरपूर घेत होते आणि एका माणसाच्या अनुभवावर वैद्यकशास्त्र उभे राहत नाही. तरीही दोन तासांची झोप मिळते हे संधिवाताच्या रुग्णाला पुष्कळ आहे.

सर्वांनी मिळून, आणि पुन्हा

रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने हसण्याचा अभ्यास प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यात आणि बाजारात केला. रेडिओ, दूरचित्रवाणी, पुस्तक यांची सोबत वगळली, तर एकट्या माणसापेक्षा चारचौघांतला माणूस सुमारे तीस पट अधिक हसतो, असे त्यांना आढळले. म्हणून माझा आग्रह असा, की हे भाग कानात बोंडे घालून एकट्याने मोबाइलवर पाहू नयेत. मोबाइल टीव्हीला जोडता येत असेल तर जोडावा, नाहीतर स्टुलावर उभा करून सर्वांनी जवळ बसावे. सोमवारी-मंगळवारी रात्री शेजारचे घरही आपल्याच ओसरीवर येऊन बसे, ते दिवस आठवा.

पाहिलेलेच पुन्हा काय पाहायचे, असे तरुण मुले म्हणतात. त्याचे उत्तर ज्येष्ठांना विचारावे. पुढे काय होणार हे माहीत असले की मनावर ताण येत नाही, आणि हसण्याची जागा येण्याआधीच ओठ हलू लागतात. आजारातून उठलेला, रात्रभर झोप न झालेला, घरात मयत होऊन महिना झालेला माणूस नवीन कथानक धरू शकत नाही. ओळखीचे मात्र धरतो.

विस्मरणाच्या रुग्णांबाबत तर याला आधार आहे. आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमर्सच्या सतरा रुग्णांना दुःखी व आनंदी प्रसंगांच्या फिती दाखवल्या. थोड्याच वेळाने काय पाहिले हे त्यांना जवळजवळ आठवत नव्हते, पण त्या त्या भावनेचा ठसा मनावर बराच वेळ टिकून होता. 'आजीला काहीच आठवत नाही, तिला कशाला दाखवायचे?' असे म्हणणाऱ्या सुनांनी व मुलांनी हे लक्षात ठेवावे.

अशा उत्स्फूर्त विनोदाचा एक अलिखित नियम आहे : समोरचा जे म्हणेल ते आधी मान्य करायचे, मग त्यात आपली भर घालायची. एकाने 'हा माझा घोडा' म्हटले, की दुसऱ्याने 'घोडा कुठे आहे?' असे विचारायचे नाही; 'याला कडबा कोण घालते?' असे विचारायचे. घरात विस्मरणाचा रुग्ण असेल तर हा नियम फार उपयोगी पडतो. आजीने 'तुझे आजोबा वावरातून आले का?' असे विचारले, तर 'ते वारले ना पाच वर्षांपूर्वी' असे सांगू नये. तिच्यासाठी ते दुःख दर वेळी नवे असते. 'आजोबा वावरातून आले की आधी काय मागत?' असे विचारावे. चहा, पाणी, तंबाखू, काही ना काही निघते आणि आजी बोलू लागते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विस्मरणाच्या रुग्णांसाठी अशा उत्स्फूर्त नाट्याचे वर्गही चालवले गेले.

या कार्यक्रमातील सगळेच मी पाहा म्हणत नाही. जाडेपणा, काळा रंग, तोतरेपणा यांवरचे विनोद मला आवडले नाहीत. शाळेत त्याच शब्दांनी चिडवली गेलेली मुले आमच्याकडे पोटदुखीची तक्रार घेऊन येतात. असा तुकडा आला की पुढे सरकवावा.

थोडे पथ्यही सांगून ठेवतो. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अशा वेळी शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. हसताना दाणा श्वासनलिकेत जातो आणि प्रसंग जिवावर बेततो. दम्याच्या अनेक रुग्णांना जोरात हसले की खोकला सुरू होतो. असे वारंवार होत असेल तर दमा आटोक्यात नाही असे समजून तपासून घ्यावे. हर्नियाचे किंवा प्रसूतीचे टाके ताजे असतील तर पोटावर उशी दाबून हसावे. हसताना लघवी सुटते म्हणून पुष्कळ भगिनी चारचौघांत हसणेच सोडतात. ओटीपोटाच्या स्नायूंच्या साध्या व्यायामाने हा त्रास बहुतेकींचा कमी होतो. संकोच न करता विचारावे.

पडद्याकडे नको, घरच्यांकडे पाहा

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते. सारे घर हसत असताना एक-दोन मिनिटे पडद्यावरची नजर काढा आणि घरातल्या माणसांचे चेहरे पाहा. कोण हसत नाही?

म्हातारे वडील हसत नसतील तर आधी कानाचा विचार करावा. वयाने येणाऱ्या बहिरेपणात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, च, फ ही अक्षरे निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. हे भराभर चालणारे, एकमेकांत घुसणारे संवाद तर अजिबात समजत नाहीत. मग माणूस सारे हसले की उसने हसतो, पुढे तेही सोडतो आणि 'बाबा चिडचिडे झाले' असे घरचे म्हणू लागतात. अनेकदा कानात नुसता मळ घट्ट झालेला असतो. काडी, पिन, गरम तेल काही घालू नये. डॉक्टरकडून काढून घ्यावा, गरज पडल्यास श्रवणयंत्र घ्यावे.

चेहरा मुखवट्यासारखा स्थिर, पापण्या कमी लवतात, चाल मंद, अक्षर बारीक होत चालले, एका हाताला कंप : हा कंपवात असू शकतो. असा माणूस आतून हसत असतो, फक्त चेहऱ्याचे स्नायू साथ देत नाहीत. त्याला विचारा, 'मजा आली का?' तो हो म्हणेल. अंग जड, आवाज घोगरा, थंडी सोसत नाही, शौचास साफ होत नाही आणि सगळ्यातच मरगळ, अशा बाईची थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

हसताना तोंड अचानक एका बाजूला ओढले गेलेले दिसले, हात वर राहत नाही, बोलणे अडखळते, तर कार्यक्रम तिथेच बंद करून १०८ ला फोन करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. 'सकाळी पाहू' म्हणण्यात हात आणि पाय जातात.

राहिला तो माणूस ज्याचे कान ठीक, थायरॉइड ठीक, वय चाळीस-पन्नास, आणि तो पूर्वी याच विनोदावर लोळून हसत असे.

आपल्या जिल्ह्यात या माणसाकडे नीट पाहिले पाहिजे. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत यवतमाळ होता. २०१५ मध्ये राज्य शासनाने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' हा समुपदेशनाचा प्रकल्प सुरू केला, त्यातही यवतमाळ होता. कर्ज, बोंडअळी, पडलेले भाव ही कारणे दवाखान्यात सुटत नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्या कारणांच्या ओझ्याखाली जो आजार होतो, तो दवाखान्यात ओळखता येतो आणि बरा होतो. त्याला नैराश्य म्हणतात. गावाकडचा पुरुष 'मी दुःखी आहे' असे सांगत नाही. तो 'डोके जड आहे, झोप येत नाही, भूक नाही, टॉनिक द्या' असे सांगतो.

दारव्ह्याकडच्या एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्यांची तक्रार मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमकी वाटली. "डॉक्टरसायेब, पयले हे पाह्यलं का इतके हासत का डोयातून पानी निघे. आता टीवी लावला का उठून भाईर वसरीत जाऊन बसतेत." गृहस्थ मान खाली घालून होते. रक्तदाब, साखर, सगळे ठीक. नैराश्यात दुःख असतेच असे नाही. पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात तो वाटेनासा होणे, हे त्याचे एक मुख्य लक्षण आहे. तपासण्यासाठी आम्ही दोन प्रश्न आधी विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, आनंद वाटत नाही असे बरेच दिवस झाले का? उदास, हताश वाटते असे बरेच दिवस झाले का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर पुढची तपासणी करावी लागते. या गृहस्थांची दोन्ही उत्तरे 'हो' होती. मग तिसरा प्रश्न विचारला : जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का? तो विचारल्याने माणसाच्या मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच बरे वाटते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोलले. त्यांना त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, औषधे सुरू झाली. सहाव्या आठवड्यात बाई सांगायला आल्या, की अजून हसत नाहीत, पण उठून जात नाहीत, बसून पाहतात. मी त्याला सुधारणा म्हणून कागदावर नोंदले.

या कार्यक्रमात शेवटी सागर कारंडे पोस्टमन होऊन एक पत्र वाचत. अरविंद जगताप लिहीत असलेल्या त्या पत्रांत शेतकऱ्याच्या घरच्या व्यथाही आल्या. पत्र संपले की घरात क्षणभर शांतता होते. ज्या घरात कोणी गप्प गप्प झाले आहे, त्या घराने ही शांतता वापरावी. जाहिरात लागण्याआधी, सर्वांदेखत नको, नंतर ओसरीवर जाऊन शेजारी बसावे आणि विचारावे, 'अलीकडे तू हसत नाहीस, काय होते आहे?' उपदेश करू नये, 'हिंमत धर' म्हणू नये, दुसऱ्याच्या दुःखाची तुलना सांगू नये. ऐकून घ्यावे. विनोदी कार्यक्रम लावला की नैराश्य पळते असा समज तर मुळीच करून घेऊ नये. हसता येत नाही हाच ज्याचा आजार, त्याला हसण्याचा आग्रह करणे क्रूरपणाचे आहे.

नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. 'आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही' म्हणून सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनानेही बंद करू नयेत. फवारणीचे औषध घरात, हाताशी ठेवू नये. ते कुलपात असावे आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असावी. मरणाची भाषा एकदा जरी तोंडून निघाली, तरी त्या रात्री त्या माणसाला एकटे झोपू देऊ नये व दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांवर उपचार होतात. गावात असाल तर आधी आशाताईंशी बोला, पुढचा रस्ता त्यांना माहीत असतो. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कोणत्याही वेळी फोन लागतो. आजारी माणूस स्वतः फोन करीत नसेल, तर घरातील कोणीही करावा.